प्रोटॉन की क्ष-किरण? प्रश्न जरा वेगळा विचारू या

मेंदूत गाठ झालेल्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा किरणोपचार द्यावे लागतात. आपल्याकडे बोलीभाषेत याला 'शेक देणे' म्हणतात. कोणी 'लाइट देणे' असेही म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, या शेकाने खरोखर किती ऊब येते, ते प्रथम गणिताने काढून पाहू. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम वस्तुमानात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे. मुलांच्या मेंदूतील गाठीला साधारणपणे ५४ ग्रे इतकी मात्रा देतात. ती एकदम देत नाहीत. रोज १.८ ग्रे याप्रमाणे ३० हप्ते, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे हे काम चालते. आता एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवावयास सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात, हे तुम्हांला पाठ आहे. ५४ ला ४,१८६ ने भागा. उत्तर येते एका अंशाचा सुमारे सत्त्याहत्तरावा भाग! आणि हे सहा आठवड्यांची सगळी मात्रा एकाच क्षणी दिली असे धरून. चहाच्या एका घोटात याहून कितीतरी अधिक उष्णता असते.

मग एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरतात तरी कशा? उष्णता सगळ्या रेणूंमध्ये वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. या किरणांची ऊर्जा मात्र ठोशाठोशाने पडते. जेथे ठोसा बसतो तेथे रेणूतील इलेक्ट्रॉन उखडला जातो, म्हणजेच आयनीभवन होते. तो रेणू पेशीतील डीएनएचा किंवा त्याला लागून असलेल्या पाण्याचा असेल, तर डीएनएचे दोन्ही धागे तुटू शकतात. असे तुटके धागे घेऊन पेशी दुभंगू पाहते आणि मरते. निरोगी पेशींना ही मोडतोड दुरुस्त करणे अधिक चांगले जमते, म्हणून मात्रा रोज थोडी थोडी द्यावयाची; मधल्या वेळात त्या सावरतात. पण पूर्णपणे सावरतात असे नाही. ही गाठ आणि हा चांगला मेंदू, असा भेद किरणाला करता येत नाही. तो भेद नेम धरणाऱ्याने करावयाचा असतो.

मोठ्या माणसाच्या बाबतीतही हे महत्त्वाचे आहेच. पण सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. तिला आणि तिच्यावर हुकमत चालविणाऱ्या भागाला मात्रा लागली तर उंची खुंटते. आंतरकर्णाला लागली तर ऐकू कमी येते. मेंदूच्या मोठ्या भागाला लागली तर शिकण्याचा वेग मंदावतो. शिवाय ज्या निरोगी पेशी जखमी होऊन जगल्या, त्यांपैकी एखादीतून वीस-तीस वर्षांनी दुसराच कर्करोग उद्भवू शकतो. साठीतल्या रुग्णाच्या बाबतीत वीस वर्षांनंतरच्या धोक्याला जेवढे वजन देतात, त्याच्या कितीतरी पट वजन सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत द्यावे लागते.

गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत प्रोटॉन-उपचाराविषयी बातम्या येतात आणि दरवर्षी वर्गात कोणीतरी मला विचारतो, "सर, प्रोटॉन चांगले की क्ष-किरण?" मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकवितो. पण हा प्रश्न अर्धाअधिक भौतिकशास्त्राचा आहे, म्हणून त्यावर माझे मत मांडण्याचे धाडस करतो. माझ्या मते हा प्रश्न विचारण्याची पद्धतच सदोष आहे. दोन किरणांची शर्यत लावून काही हाती लागत नाही. विचारावयाच्या गोष्टी दोन आहेत. या मुलाचा किती निरोगी भाग किरणांत सापडतो आहे? आणि अशा उपचारानंतर मुलांचे पुढे काय झाले, हे कोणी मोजले आहे काय? पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्र देते. दुसऱ्याचे ते देऊ शकत नाही, आणि येथेच आमच्यासारखी मंडळी फसण्याचा संभव असतो.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ.

क्ष-किरण काय किंवा कोबाल्ट-६० चे गॅमा-किरण काय, दोन्ही फोटॉनच. कोबाल्टची यंत्रे १९५१ साली कॅनडात प्रथम वापरात आली. कोबाल्टचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे, म्हणून दर काही वर्षांनी त्याचा स्रोत बदलावा लागतो. पण यंत्र साधे आणि खर्च कमी, म्हणून आपल्या देशात या यंत्रांनी मोठे काम केले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने असे एक यंत्र तयार केले आणि त्याचे नाव 'भाभाट्रॉन' ठेवले, हे तुम्हांला ठाऊक असावे. मोठ्या रुग्णालयांत आता बहुधा रेषीय त्वरक असतो. त्यात इलेक्ट्रॉनांना वेग देऊन धातूच्या लक्ष्यावर आपटतात आणि त्यातून भेदक क्ष-किरण मिळतात.

फोटॉनाचा शेवट कोठे होईल हे कोणी सांगू शकत नाही. तो नशिबाचा खेळ असतो. शंभर फोटॉन निघाले की प्रत्येक सेंटिमीटरमागे उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा गळतो. किरणोत्सर्गी क्षयाचा जो नियम तुम्ही शिकता, त्याच घाटाचा हा नियम आहे. फक्त काळाच्या जागी खोली घाला. नेहमीच्या ६ दशलक्ष व्होल्टच्या क्ष-किरणांची मात्रा त्वचेखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर सर्वांत जास्त असते. तिला १०० म्हणा. मग ५ सेंटिमीटरवर ती सुमारे ८६, १० सेंटिमीटरवर ६७ आणि १५ सेंटिमीटरवर ५१ उरते. मुलाच्या डोक्याची रुंदी साधारण १४-१५ सेंटिमीटर. म्हणजे एका कानाच्या बाजूने शिरलेला झोत दुसऱ्या कानाकडून बाहेर पडतो, तेव्हाही निम्मी मात्रा शिल्लक असते. आणि गाठ मध्यभागी असेल तर तिच्यापेक्षा तिच्या आधीच्या चांगल्या भागालाच अधिक मात्रा बसते!

यावर तोड काय? एकाच बाजूने न मारता अनेक दिशांनी झोत सोडावयाचे, असे की ते सगळे गाठीवर एकमेकांना छेदतील. आज संगणक आणि पट्ट्यापट्ट्यांचे हलते पडदे यांच्या मदतीने झोताला गाठीचा आकार देता येतो आणि त्याची तीव्रताही ठिकठिकाणी कमीजास्त करता येते. गाठीवर नेमकी मात्रा बसते. पण जी मात्रा पलीकडे जाणार ती जातेच. ती पुष्कळ दिशांना थोडी थोडी वाटली जाते एवढेच. ठळक डाग जातो आणि फिकट डाग दूरवर पसरतो. मोठ्यांच्या बाबतीत हा सौदा पुष्कळदा चांगला ठरतो. मुलांच्या बाबतीत त्या फिकट डागाचीही चिंता करावी लागते.

आता प्रोटॉन. हा हायड्रोजनचा केंद्रक, इलेक्ट्रॉनापेक्षा १,८३६ पट जड आणि विद्युतभारित. भार असल्यामुळे वाटेतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाला तो ओढत जातो आणि दर पावलाला थोडी ऊर्जा गमावतो. यातली गंमत अशी की तो जितका हळू होतो तितकी ऊर्जा अधिक गमावतो. कबड्डीतला चढाई करणारा खेळाडू आठवा. तो भरधाव जात असतो तेव्हा प्रतिपक्षाला त्याला धरावयास क्षणभरही मिळत नाही. जरा रेंगाळला की एक हात पडतो, त्याने आणखी हळू होतो, मग चार हात पडतात आणि एका जागी सगळे त्याच्यावर कोसळतात. प्रोटॉनही असाच सुरुवातीला थोडी थोडी आणि अखेरच्या काही मिलिमीटरांत एकदम पुष्कळ ऊर्जा टाकतो, आणि थांबतो. पुढे जवळजवळ काही नाही. आल्फा कणांच्या बाबतीत हा प्रकार विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ साली ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे पाहिला, म्हणून आलेखातल्या त्या टोकाला 'ब्रॅग शिखर' म्हणतात. प्रोटॉन किती खोल जाईल हे त्याच्या ऊर्जेवरून ठरते. १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ७.७ सेंटिमीटर जातो, १५० चा सुमारे १५.८, आणि २०० चा सुमारे २६. हे आकडे आलेख-कागदावर मांडून पाहा. ऊर्जा दुप्पट केली की पल्ला दुपटीहून बराच अधिक वाढतो, तिपटीहूनही थोडा जास्त.

याचा उपयोग रुग्णांसाठी करता येईल, असे १९४६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एका लेखात सुचविले. युद्धकाळात ते लॉस अॅलॅमॉसला अणुबाँबच्या कामावर होते. १९५४ साली बर्कली येथे पहिल्या रुग्णावर प्रोटॉनचा उपचार झाला. तोपर्यंतची आणि नंतरचीही बरीच वर्षे हे काम संशोधनशाळेतल्या यंत्रांवर, वेळ उसना मागून चालले होते. केवळ रुग्णांसाठी उभारलेले पहिले रुग्णालयीन केंद्र १९९० साली कॅलिफोर्नियात लोमा लिंडा येथे सुरू झाले.

येथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग अडले कोठे? एक किरण पार निघून जातो, दुसरा गाठीत थांबतो. निकाल लागलाच की!

बातम्यांबरोबर जे चित्र छापतात त्यात एकच उंच, टोकदार शिखर असते. ते चित्र खरे आहे, पण त्या चित्राने कोणाही रुग्णावर उपचार होत नाही. ते शिखर काही मिलिमीटर रुंद असते आणि गाठ असते चार सेंटिमीटरची. ती सगळी व्यापण्यासाठी वेगवेगळ्या ऊर्जेचे प्रोटॉन थरांमागून थर सोडावे लागतात. शिखरे जोडली जाऊन माथ्यावर पठार तयार होते. पण प्रत्येक शिखराआधीचा उतार बेरजेत येतोच. त्यामुळे गाठीच्या अलीकडच्या भागाला मिळणारी मात्रा गाठीतल्या मात्रेच्या निम्म्याहून अधिक होऊ शकते. पलीकडे मात्र खरोखरच जवळजवळ शून्य. म्हणजे प्रोटॉनचा सगळा लाभ गाठीच्या पलीकडचा आहे.

दुसरी अडचण अशी की ज्या गुणाचे आपण कौतुक करतो तोच गुण जपून वापरावा लागतो. शरीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. वाटेत हाड आहे, नाकामागच्या पोकळ्या आहेत. प्रोटॉन नेमका कोठे थांबेल याच्या हिशोबात काही मिलिमीटरांची अनिश्चितता राहते. क्ष-किरणांच्या बाबतीत इतक्या फरकाने मात्रा फारशी बदलत नाही. प्रोटॉनच्या बाबतीत तेवढ्याने गाठीची कड कोरडी राहू शकते, किंवा शिखर शेजारच्या मस्तिष्कस्तंभात जाऊन पडते. आणि श्वास व हृदय यांवर नियंत्रण ठेवणारा भाग तो हाच. त्यातच पल्ल्याच्या अखेरीस प्रोटॉनची ठोसे मारण्याची घनता वाढते. नियोजन करताना प्रोटॉन क्ष-किरणांपेक्षा सरसकट १.१ पट परिणामकारक धरतात. शेवटच्या मिलिमीटरांत हा आकडा त्याहून अधिक असतो, हे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले आहे. म्हणून जाणते डॉक्टर मस्तिष्कस्तंभाच्या आधी झोत थांबेल अशा भरवशावर नेम धरणे टाळतात.

आता एक प्रत्यक्ष रोग घेऊ, म्हणजे ही तुलना हवेत राहणार नाही. मुलांच्या मेंदूतील घातक गाठींपैकी सर्वांत अधिक आढळणारी गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. ती डोक्याच्या मागच्या बाजूस, लहान मेंदूत होते. तिची खोड अशी की तिच्या पेशी मेंदू आणि पाठीचा कणा यांभोवती फिरणाऱ्या द्रवातून कोठेही जाऊन बसतात. म्हणून केवळ गाठीच्या जागी किरण देऊन भागत नाही. सगळा मेंदू आणि माकडहाडाजवळपर्यंत सगळा पाठकणा यांना मात्रा द्यावी लागते, आणि वर गाठीच्या जागी आणखी, एकूण ५४ ग्रे होईपर्यंत.

पाठीवर मागून क्ष-किरण सोडले की ते कण्यातून पार होऊन अवटू ग्रंथी, हृदय, आतडी यांतून पुढे निघून जातात. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेला थांबविता येतो. (वाढत्या मुलांत मणका मात्र पूर्ण झोतात घेतात. अर्धाच घेतला तर एक बाजू वाढेल, दुसरी वाढणार नाही आणि पाठ वाकडी होईल.) येथे प्रोटॉन श्रेष्ठ आहे हे मान्य करावयास मला कोणत्याही आकडेवारीची गरज वाटत नाही. जो किरण हृदयापर्यंत पोचलाच नाही, त्याने हृदयाला इजा केली काय, हे तपासावयास वीस वर्षे थांबण्याचे कारण नाही.

पण मेंदूचे काय? पालकांना खरी काळजी असते ती त्याचीच. या रोगात सगळ्याच मेंदूला मात्रा द्यावयाची असल्यामुळे त्या टप्प्यात प्रोटॉनने मेंदू वाचविण्याचा प्रश्नच येत नाही. बचत होते ती वरच्या जादा मात्रेत, मुख्यतः आंतरकर्ण आणि मोठ्या मेंदूचा काही भाग येथे. बातम्यांत हा मुद्दा क्वचितच येतो. २०१६ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी प्रोटॉन दिलेल्या ५९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय, फुप्फुसे, पचनसंस्था यांवर उशिरा होणारे दुष्परिणाम त्यांना आढळले नाहीत. पाच वर्षांनी ८३ टक्के मुले हयात होती. क्ष-किरणांनी मिळणारे यश साधारण एवढेच आहे. गंभीर बहिरेपण मात्र पाच वर्षांत १६ टक्के मुलांत आले, आणि बुद्ध्यंक सरासरीने दरवर्षी दीड अंकाने घटत गेला. म्हणजे प्रोटॉन देऊनही घट थांबली नव्हती.

मेंदूवरचा भार खरोखर हलका झाला तो किरणांचा प्रकार बदलून नव्हे, मात्रा कमी करून. पूर्वी सगळ्या मेंदूला आणि कण्याला ३६ ग्रे देत. औषधांची जोड मिळाल्यावर, ज्यांचा रोग पसरलेला नाही अशा मुलांत ती २३.४ वर आणता आली. मग आणखी खाली, १८ वर आणली तर? अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे करून पाहिले आणि २०२१ साली निकाल आला: पाच वर्षे रोग न उलटता राहिलेली मुले २३.४ च्या गटात सुमारे ८३ टक्के, १८ च्या गटात सुमारे ७१. म्हणजे इतके खाली उतरणे धोक्याचे. पण त्याच चाचणीत असेही दिसले की जादा मात्रा कवटीच्या सगळ्या मागच्या कप्प्याला न देता गाठीच्या जागेपुरती दिली तरी निकाल बिघडत नाही. तीन वर्षांखालील बाळांना तर शक्य तेथे किरणच देत नाहीत. औषधांवर वेळ काढतात. हे सगळे शिकावयास कोणतेही नवे किरण लागले नाहीत. लागली ती चिकाटीने केलेली मोजणी.

या मोजणीचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात सौम्य आणि मंद वाढणाऱ्या मेंदूच्या गाठी असलेल्या, ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. दोघांनाही क्ष-किरणच, दोघांनाही ५४ ग्रे, ३० हप्त्यांत. फरक एवढाच की एका गटात जुन्या पद्धतीने नेम धरला आणि दुसऱ्यात डोके चौकटीत अचूक बसवून, गाठीच्या आकाराबरहुकूम, कडेला अगदी थोडी जागा सोडून. २०१७ साली पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण अचूक नेमाच्या गटातील मुलांचे बुद्ध्यंक अधिक चांगले टिकले, आणि संप्रेरकांचा नवा बिघाड जुन्या पद्धतीत ५१ टक्क्यांना झाला, तर नव्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. किरण तोच, मात्रा तीच, फक्त नेम सुधारला!

प्रोटॉन आणि क्ष-किरण यांची मुलांच्या मेंदूच्या बाबतीत अशी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना उपलब्ध नाही. २०२० साली मेड्युलोब्लास्टोमा झालेल्या ७९ मुलांच्या बौद्धिक चाचण्यांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रोटॉनवाल्या मुलांची कामगिरी सरस दिसली, आणि ही आशादायक गोष्ट आहे. पण प्रोटॉनची मुले एका देशातल्या रुग्णालयाची आणि क्ष-किरणांची दुसऱ्या देशातल्या. शस्त्रक्रिया निराळ्या हातांची, घरची परिस्थिती निराळी. प्रयोगवहीत दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मी तुमचे गुण कापतो. येथे कितीतरी गोष्टी एकदम बदलल्या होत्या. अशी चाचणी करूच नये, कारण ज्या मुलांच्या नावे क्ष-किरणांची चिठ्ठी निघेल त्यांच्यावर अन्याय होईल, असे म्हणणारे अनुभवी डॉक्टर आहेत. पाठकण्याच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. मेंदूपुरते मात्र मला त्यांचे म्हणणे पटत नाही. मात्रेचा आलेख म्हणजे मुलाच्या भवितव्याचा आलेख नव्हे.

आपल्या देशात चेन्नईला २०१९ साली खाजगी रुग्णालयात आणि नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत २०२३ साली प्रोटॉन-उपचार सुरू झाले. सायक्लोट्रॉन, तो झोत वळविणारे चुंबक, रुग्णाभोवती फिरणारा अजस्र सांगाडा, हे सगळे साध्या त्वरकाच्या कित्येक पट खर्चाचे. यंत्राचे तास मोजके आणि मुले पुष्कळ, तेव्हा कोणाला प्रथम घ्यावयाचे? माझे मत स्पष्ट आहे. ज्यांचा पाठकणा झोतात येणार आहे आणि ज्यांच्या गाठी बऱ्या होऊन पुढे दीर्घ आयुष्य मिळण्याची शक्यता आहे, ती मुले आधी. पैसे भरू शकणारे प्रौढ त्यांच्यानंतर. मस्तिष्कस्तंभात भिनलेल्या एका प्रकारच्या गाठीत बहुतेक मुले निदानानंतर वर्षभराच्या आसपासच जगतात. तेथे प्रोटॉनने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. अशा मुलाच्या आईबापांना प्रोटॉनची आशा दाखवून दूरच्या शहरी धाडणे मला निर्दयपणाचे वाटते. इंग्लंडने स्वतःची मोठी केंद्रे उभी राहण्यापूर्वी, २००८ पासून, कोणत्या गाठींसाठी प्रोटॉन द्यावयाचे याची यादी केली आणि त्या मुलांना सरकारी खर्चाने परदेशी पाठविले. यादी आधी, यंत्र नंतर. आपणही हा क्रम पाळण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. युरोपातील एका मोठ्या चाचणीत असे दिसले की मेड्युलोब्लास्टोमाचे किरणोपचार ५० दिवसांच्या आत पुरे झालेल्या मुलांचे निकाल रेंगाळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. तेव्हा जवळच्या रुग्णालयात चांगला त्वरक, अचूक नेम आणि मुलांच्या उपचारांची सवय असलेले डॉक्टर असतील, तर प्रोटॉनसाठी जमीन विकून महिना-दीड महिना रांगेत घालविणे म्हणजे मिळणाऱ्या लाभाहून मोठे नुकसान पत्करणे होय. यंत्र कोठलेही असो, रोज मुखवटा लावून मुलाला निश्चल पडून राहावे लागते. अगदी लहानांना त्यासाठी रोज भूल द्यावी लागते. सहा आठवडे आईबापांपैकी एकाचा रोजगार बुडतो, राहावयास जागा लागते. उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा या कारणांनी. प्रोटॉनच्या बातम्यांना जेवढी जागा मिळते तिचा दशांश तरी या गोष्टींना मिळावा.

शिक्षकमित्रांना आता दोन शब्द. अशा उपचारानंतर जे मूल शाळेत परत येते, त्याचा बुद्ध्यंक घटला म्हणजे शिकलेले विसरले असा अर्थ बहुधा नसतो. ते नवे शिकते, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा सावकाश. आणि अंतर वर्षावर्षाने वाढत जाते. पहिल्या वर्षी ते नजरेत भरत नाही. तिसऱ्या वर्षी फळ्यावरचे उतरवून घ्यावयास त्याला दुप्पट वेळ लागू लागतो, आणि तोपर्यंत वर्गशिक्षक बदललेले असतात. 'लक्ष देत नाही' असा शेरा पडतो. त्या मुलाला पहिल्या बाकावर, ज्या कानाने चांगले ऐकू येते तो कान तुमच्याकडे येईल असे बसवा. लेखनाला वेळ वाढवून द्या. आणि कितवीत कोणता विषय किती जड गेला याची वर्षवार नोंद ठेवून ती पालकांच्या हाती द्या, म्हणजे तपासणीला जाताना ती त्यांना डॉक्टरांना दाखविता येईल.